असून अडचण ठरलेली स्टेपनी



या पानावर आम्ही एरव्ही लागण, खोडवा, खते, हुमणी यांविषयी लिहीत असतो. या खेपेस विषय जरा निराळा आहे. तो आहे पिकअप गाडीच्या पोटाखाली टांगलेल्या स्टेपनीचा. उसाचा आणि स्टेपनीचा काय संबंध, असे कोणी म्हणेल. गेल्या सुरू लागणीपर्यंत आम्हीही तसेच म्हणत होतो.

झाले काय?

जानेवारीअखेरचे दिवस. एका सभासदांच्या दीड एकरासाठी को ८६०३२ ची एक डोळा रोपे घेऊन आम्ही सकाळी सातला रोपवाटिकेतून निघालो. पाच बाय दोन फुटांची लागण म्हणजे एकरी साधारण ४,३५० रोपे. दीड एकराला साडेसहा हजार. हौदा ट्रेंनी गच्च भरलेला. शेतावर नऊ बायकांना रोजगाराने सांगून ठेवलेले. त्या आठवड्यात तिकडे लाईट होती सकाळी साडेआठ ते दुपारी साडेचार. रोप मातीत गेले की पाठोपाठ पाणी, असा सगळा बेत.

शेत चार किलोमीटरवर राहिले आणि मागचे चाक बसले. बोटभर लांबीचा खिळा! "दहा मिनिटांचं काम साहेब," असे म्हणून चालकाने हँडल काढले, मागच्या बाजूच्या भोकातून आत घातले आणि फिरवू लागला. हँडल फिरले. साखळी सैल झाली. चाकाला खालून धरणारी पट्टी साखळीसकट वीतभर खाली लोंबू लागली. पण चाक वरच्या वर! जणू चिकटवून ठेवलेले.

मग जे सगळे करतात तेच आम्ही केले. हँडल आणखी फिरवले. लाथा मारल्या. येणारा-जाणारा थांबून सल्ला देऊ लागला. दुसरी गाडी मागवावी तर हंगामाचे दिवस, एकही मोकळी नाही. असे दोन तास गेल्यावर चालक हातोडा घेऊन उताणा गाडीखाली शिरला आणि खालून चाकावर ठोकू लागला. आम्ही शेजारी उभे राहून "जरा डावीकडं मार" असे सांगत होतो, हे येथे लाज न बाळगता लिहितो.

पाना घेण्यासाठी तो क्षणभर बाहेर सरकला. तेवढ्यात चाक थाडकन खाली आले. ज्या जागी त्याचे डोके होते, त्याच जागी. वीस-पंचवीस किलोचे चाक ते. दोघांनाही बराच वेळ बोलता आले नाही.

आणि एवढे होऊन चाकात हवा नाही! एका मोटारसायकलवाल्याच्या मागे बसून चालकाने ते गावात नेले, हवा भरून आणले. शेतावर पोचायला एक वाजला. साडेचारला लाईट गेली तेव्हा निम्मे रानही झाले नव्हते. उरलेली रोपे झाडाखाली ठेवून झारीने जगवली आणि दुसऱ्या दिवशी लावली. बायकांचा अर्धा दिवस बसून गेला, रोजगार मात्र पूर्ण द्यावा लागला. आम्ही सभासदांना म्हणालो, "तात्या, आमच्यामुळं तुमचं नुकसान झालं." ते म्हणाले, "रोपांचं ऱ्हाऊ द्या साहेब. ते चाक पोराच्या डोक्यात पडलं असतं तर त्याच्या घरी काय सांगितलं असतं?"

या प्रश्नाला आमच्यापाशी उत्तर नव्हते. म्हणून हा लेख.

चाक का अडकले?

दुसऱ्या दिवशी गॅरेजच्या मिस्त्रींनी सगळे उघडून दाखवले. चाक उचलणारी यंत्रणा अगदी साधी असते. हँडल फिरवले की आतील दात्यांमुळे एक छोटी फिरकी फिरते, तिच्यावर साखळी किंवा तारेचा दोर गुंडाळला जातो आणि चाक वर ओढून चॅसीला आवळले जाते. ही सगळी मांडणी मागच्या चाकांच्या चिखलाच्या माऱ्यात. आपली गाडी पाणंदीतून, पाटाच्या कडेने जाणारी. चिखल बसतो, वाळतो, त्यावर पुन्हा चिखल. त्यात आम्ही खताची पोती वाहतो. खत सांडते, ओलाव्याने विरघळते आणि लोखंड खाते. चार वर्षांत ती स्टेपनी एकदाही खाली उतरवली नव्हती. रिम आणि वरचा पत्रा गंजाने एकजीव झाले होते. साखळी सैल सोडल्यावर चाक केवळ त्या गंजाच्या आधारावर लटकत होते. अशा चाकाखाली माणूस घालणे म्हणजे फासात मान देणे.

रस्त्यात असा प्रसंग आला तर

१. गाडी रस्त्याच्या कडेला, सपाट व टणक जागी घ्या. हँडब्रेक ओढा, दुसऱ्या चाकांना दगड लावा, मागे त्रिकोण ठेवा. रात्री इंडिकेटर चालू ठेवा.

२. हँडल आत बसतच नसेल तर भोकात चिखल भरलेला असतो. बॅटरीच्या उजेडात पाहून तो आधी कोरून काढा.

३. हँडल बसले पण फिरत नसेल तर त्याला पाइप जोडून जोर करू नका. आतले दाते मोडतात. गंज सोडवणारे ऑईल मारा, पंधरा मिनिटे थांबा. मग थोडे आवळा, थोडे सोडा, असे पुढे-मागे करीत सोडवा.

४. हँडल फिरते, साखळी सुटते, पण चाक येत नाही, हीच सर्वांत धोक्याची वेळ. आणखी सोडू नका. उलट साखळी पुन्हा आवळून घ्या आणि फक्त दोन बोटे ढील ठेवा. मग बाजूला बसून, लांब पहारीने किंवा लाकडी दांडक्याने टायरला हिसके द्या. चाक सुटले तरी ते साखळीवर अडकेल, जमिनीवर आदळणार नाही.

५. काहीही झाले तरी डोके, छाती गाडीखाली घालू नका. जॅकवर उचललेल्या गाडीखाली तर मुळीच नाही.

६. भरलेली गाडी चाक बसल्यावर मागे इतकी खाली येते की उतरलेली स्टेपनी बाहेर ओढता येत नाही. जमल्यास माल थोडा उतरवा, मग जॅकने गाडी उचला.

७. चाक बदलल्यावर रिकामी साखळी लोंबती ठेवू नका. पूर्ण गुंडाळून घ्या.

वर्षातून दोनदा

'स्टेपनी' हा शब्द आला ब्रिटनमधील वेल्स प्रांतातून. सुरुवातीच्या मोटारींना जादा चाकच नसे. लानेली या गावच्या डेव्हिस बंधूंनी १९०४ साली जादा चाक काढले आणि ज्या स्टेपनी स्ट्रीटवर त्यांचा धंदा होता, तिचे नाव त्याला पडले. चाक पंक्चर झालेल्याची सोय व्हावी, हा त्यांचा हेतू. आपण मात्र त्या सोयीची गैरसोय करून ठेवली.

आपला कारखाना पाहा. हंगाम संपला की मिलचे रोलर, पंप, व्हॉल्व्ह सारे खोलून पाहिले जाते. बिघडले म्हणून नव्हे, हंगामात बिघडू नये म्हणून. हाच नियम आपल्या गाडीला लावावा. एकदा गळीत हंगाम सुरू होण्यापूर्वी आणि एकदा हंगाम संपल्यावर, पावसाच्या आत, स्टेपनी जमिनीवर उतरवावी. साखळी, फिरकी पाण्याने धुऊन, वाळवून तेल-ग्रीस द्यावे. दोर कुठे तुटू लागला आहे का पाहावे. हवा मागच्या चाकांना भरल्या गाडीसाठी जेवढी लागते तेवढी ठेवावी. रस्त्यात जादा हवा सोडता येते, भरता येत नाही. टायरच्या कडेवरचे चार आकडेही वाचावे. २३१९ असे असेल तर टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला. न वापरलेले रबरही वयाने कडक होते, त्याला चिरा पडतात. जॅक, पाना, हँडल गाडीतच आहेत ना, तेही बघावे. अर्ध्या तासाचे काम आहे.

दसऱ्याला आपण सगळे गाडी धुतो, हार घालतो, नारळ फोडतो. यंदा हार घालण्याआधी स्टेपनी उतरवावी, अशी आमची विनंती आहे.

आमच्या विभागाच्या तिन्ही गाड्यांच्या स्टेपन्या आम्ही त्याच आठवड्यात उतरवल्या. एक सहज आली. दुसरीला तासभर ऑईल पाजावे लागले. तिसरीची तार हात लावताच तुटली. ती रस्त्यात धावत्या गाडीखालून कधी निखळली असती आणि मागच्या मोटारसायकलवाल्याचे काय झाले असते, याचा विचारही नको वाटतो. आता प्रत्येक गाडीच्या वहीत उतरवल्याची तारीख लिहिली जाते आणि त्याखाली सही आम्ही स्वतः करतो.

त्या दीड एकरातला ऊस आता चांगला आहे. एका दिवसाच्या अंतराने लावलेल्या दोन भागांत फरक दिसत नाही. चालकही रोज कामावर येतो. त्या सकाळी तो पाना आणायला बाहेर सरकला नसता, तर या पानावर आम्हाला दुसरेच काही लिहावे लागले असते.