शनिवारचा वूडू आणि गावाकडचा पोरगा

आमच्या सुप्यातून (पारनेरचं सुपा, बारामतीकडचं सुपे वेगळं!) मुंबईला गेलेल्या, आपल्यासारखं आणखी कुणी असतं हेच ठाऊक नसलेल्या समलिंगी पोराला नव्वदच्या दशकात आपली माणसं सापडायची कशी? पाटी कुठेच नसायची. सगळं कानोकानी: लोकलचा अमुक डबा, कुलाब्यातला वूडू पब, तोही शनिवारी रात्रीच. अशोक राव कवींनी १९९० मध्ये काढलेलं ‘बॉम्बे दोस्त’ हे समलिंगींचं नियतकालिक खाकी कागदात गुंडाळून विकलं जायचं. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ चा धाक दाखवून पैसे उकळणारेही टपलेले असायचे. १९९४ ला समलिंगींसाठी काम करणारा हमसफर ट्रस्ट आला. पुण्यात २००२ मध्ये बिंदुमाधव खिरे यांनी तसाच समपथिक ट्रस्ट काढला. या विषयावर साध्या मराठीत, न लाजता लिहिणारा हा माणूस मला तरी सगळ्यांत मोठा वाटतो. त्यांची ‘पार्टनर’ कादंबरी मिळवून वाचाच.

६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने सज्ञानांचे संमतीचे समलिंगी संबंध या कलमातून वगळले. आता सगळं डेटिंग अ‍ॅपवर, सुप्यात बसूनसुद्धा. पण फसवणारेही तिथेच आलेत. म्हणून पहिली भेट चारचौघांत, चहाच्या हॉटेलात. कुणी धमकावलंच तर पैसे द्यायचे नाहीत, चॅट पुसायचं नाही. पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन लावायचा.