नकाशा घडताना – भाग ५ : दहिसरचा उतार

तुळशी तलावाच्या परिसरातल्या डोंगरांत उगम पावणारी दहिसर नदी श्रीकृष्णनगर, दौलतनगर, कांदरपाडा असे करत मनोरीच्या खाडीला मिळते. सुमारे बारा किलोमीटरची ही नदी. २६ जुलै २००५ च्या प्रलयात, सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा, तिचेही पाणी वस्तीत शिरले. ते कोणत्या उतारावरून येते, हे तपासण्याची साधने आज घरबसल्या, विनामूल्य मिळतात.

युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांची चित्रे गेल्या भागात पाहिली. त्यांच्या दहा मीटर तपशिलाच्या एका रंगपट्ट्यात १०,९८० × १०,९८० बिंदू असतात. सहा किलोमीटर लांबीरुंदीच्या दहिसर परिसराला त्यातले ६०० × ६०० पुरतात, म्हणजे तीनशेवा हिस्सासुद्धा नाही. मग सगळी फाइल उतरवायची कशाला?

‘क्लाउड ऑप्टिमाइझ्ड जिओटिफ’ या रचनेत चित्र छोट्या चौकोनांत विभागलेले असते आणि कोणता चौकोन फाइलमध्ये कुठे आहे, याची नोंद सुरुवातीलाच असते. क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरला फाइलचा वेब-पत्ता दिला की ते आधी ही नोंद वाचते आणि नेमके हवे तेवढेच चौकोन मागवते. साध्या लॅपटॉपवर, बेताच्या इंटरनेटवर काम होते. महाविद्यालयांतल्या भूगोल विभागांनी हे शिकवायलाच हवे.

उंचीसाठी ‘कोपर्निकस डीईएम’ हे उंचीचे प्रतिमानही याच रचनेत खुले आहे. त्याचा एक बिंदू म्हणजे साधारण तीस मीटरचा चौकोन. जर्मनीच्या टॅनडेम-एक्स मोहिमेतल्या जोडउपग्रहांनी रडारने केलेल्या मोजणीवर ते आधारलेले आहे.

इथे मात्र जपून पाऊल टाकावे लागते. रडारला दिसतो तो वरचा पृष्ठभाग: इमारतींच्या गच्च्या, खाडीकाठच्या तिवरांचे शेंडे. दौलतनगरातल्या एखाद्या चौकोनाची उंची जमिनीची नसून छपरांची असू शकते. नदीचे पात्र बऱ्याच ठिकाणी एका चौकोनाहून अरुंद आहे. त्यामुळे संगणकाने काढलेली प्रवाहरेषा इमारतींना वळसा घालत भलतीकडे जाऊ शकते. मोजणी झाली २०१५ च्या सुरुवातीपर्यंत. २०२२ मध्ये सुरू झालेल्या मेट्रोचा उन्नत मार्ग तिच्यात असणार नाही. शिवाय उंचीतली चूक चार मीटरपर्यंत गृहीत धरलेली आहे. घरात कमरेइतके पाणी येते ते मीटरभर. त्यामुळे या आकड्यांवरून गल्लीतली पूररेषा आखणे धोक्याचे आहे.

नदीच्या उगमाकडच्या राष्ट्रीय उद्यानातली गोष्ट वेगळी. तिथेही झाडांचे शेंडे मोजले जातातच, पण डोंगर शेकडो मीटर उंच असल्याने दरी, कडा आणि पाणलोटाची सीमा ठळक उमटते. कोणत्या उतारांचे पाणी दहिसर नदीत उतरते आणि कोणते शेजारच्या पोयसर नदीकडे वळते, हे तिथे भरवशाने काढता येते. खालच्या वस्तीसाठी प्रत्यक्ष सर्वेक्षणाच्या उंचीला पर्याय नाही.

पुढील भागात: ढगांतून पाहणारे सेंटिनेल-१ चे रडार आणि भर पावसाळ्यातली मनोरी खाडी.