शेकडो फोटोंवर एकसारखा लोगो : एकदा सेटिंग करा, मग फक्त फोल्डर बदला

रामनवमी आली की आमच्या वाशिम जिल्ह्यातले व्हॉट्सॲप ग्रुप फोटोंनी भरून जातात. मानोरा तालुक्यातलं पोहरादेवी म्हणजे बंजारा समाजाची काशी. संत सेवालाल महाराजांची समाधी तिथे आहे आणि यात्रेला देशभरातून लोक येतात. ५ ऑक्टोबर २०२४ ला नंगाऱ्याच्या आकाराच्या चार मजली बंजारा विरासत संग्रहालयाचं उद्घाटन झालं, तेव्हापासून तर वर्षभर कोणी ना कोणी तिथे कॅमेरा घेऊन उभं असतं. सकाळी टाकलेला फोटो संध्याकाळपर्यंत पाच तालुके फिरून येतो, आणि तोवर त्यावर भलत्याच पेजचा लोगो चढलेला असतो. "फोटू कोनं काढला?" असं कोणी विचारलं तर उत्तर कोणाकडेच नसतं.

नुसत्या कौतुकाचा प्रश्न असता तर मी हा लेख लिहिला नसता. लग्न, बारसं, साखरपुडा, दुकानाचं उद्घाटन यांचे फोटो काढून चार पैसे मिळवणारी बरीच मुलं इथे आहेत. त्यांची पुढची ऑर्डर मागच्या फोटोवरच्या नावावरून येते. नाव गेलं की ऑर्डरही गेली. म्हणून नाव टाकायचं, आणि दोनशे फोटो असतील तर दोनशेही फोटोंवर एकाच जागी, एकाच मापात टाकायचं. हे हाताने करायला बसलात तर रात्र जाते. एकदा नीट सेटिंग केली की दहा मिनिटांत काम होतं.

आधी लोगोची फाइल

लोगो जेपीजीमध्ये ठेवू नका. जेपीजीला पारदर्शकता कळत नाही, त्यामुळे लोगोच्या मागे पांढरी चौकट येते आणि फोटोवर स्टिकर चिकटवल्यासारखं दिसतं. लोगो हवा पारदर्शक बॅकग्राऊंडच्या पीएनजीमध्ये. कॅनव्हाच्या फुकट आवृत्तीत पारदर्शक डाउनलोड मिळत नाही, ते पैसे भरणाऱ्यांसाठी आहे. पण वाढदिवसाचे बॅनर बनवायला तुमच्यातल्या निम्म्या लोकांच्या मोबाइलमध्ये पिक्सेललॅब असेलच. त्यात बॅकग्राऊंड ट्रान्सपरंट करून पीएनजी सेव्ह करता येतं. फाइल मोठी बनवा, दीड-दोन हजार पिक्सेल रुंद. मोठी फाइल लहान केली तर चालते, लहान ताणली की फाटते.

रंगांची नक्षी नको. पांढरं अक्षर आणि त्याला बारीक काळी सावली, बस्स. पोहरादेवीच्या दुपारच्या पांढऱ्या आभाळावर नुसतं पांढरं अक्षर दिसणार नाही, रात्रीच्या मिरवणुकीत नुसतं काळं दिसणार नाही. सावली असली की दोन्हीकडे निभावतं.

आता मराठी नावाची गोष्ट, जी इंग्रजी व्हिडिओत कोणी सांगत नाही. बऱ्याच वॉटरमार्क ॲप्समध्ये मजकूर टाइप करायची सोय असते. तिथे "वाशिम" लिहून बघा. काही ॲप्समध्ये पहिली वेलांटी श च्या आधी न येता नंतर येते आणि मध्येच ठिपक्यांचं वर्तुळ उगवतं. जोडाक्षरांचंही तसंच होतं, पाय मोडलेली अक्षरं वेगवेगळी उभी राहतात. कारण असं की देवनागरीत टाइप केलेला क्रम आणि दिसणारा क्रम वेगळा असतो. वेलांटी टाइप होते व्यंजनानंतर, पण दिसते आधी. ही मांडणी करणारी यंत्रणा त्या सॉफ्टवेअरमध्ये नसेल तर अक्षरं टाइप केलेल्या क्रमानेच छापली जातात. यावर उपाय सोपा आहे. बॅचच्या ॲपमध्ये मराठी टाइप करूच नका. नाव नीट दिसतंय अशा ठिकाणी एकदा लिहा, पीएनजी करून ठेवा आणि ते चित्र म्हणून वापरा. चित्रातली वेलांटी कोणी हलवू शकत नाही.

फॉन्टचंही बघा. श आणि ल ही अक्षरं मराठीत वेगळ्या वळणाने लिहितात आणि हिंदीत वेगळ्या. अनेक फॉन्ट न विचारता हिंदी वळण देतात. तुमच्या नावात "वाशिम" किंवा "मालेगाव" असेल तर हा फरक लगेच डोळ्यात भरतो, निदान माझ्या तरी. टिरो देवनागरी मराठी हा फॉन्ट मराठी वळणाचा आहे. ठळक अक्षर हवं तर एक टाइप या मुंबईच्या संस्थेचे मुक्त आणि बलू हे फॉन्ट आहेत. तिन्ही फुकट आहेत आणि धंद्यासाठी वापरायलाही मोकळे.

लोगो कुठे लहान, कुठे मोठा का होतो?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. समजा लोगो २३० पिक्सेल रुंद आहे. मोबाइलचा १२ मेगापिक्सेलचा फोटो साधारण ४००० बाय ३००० पिक्सेलचा असतो. त्याच्या ३००० च्या बाजूत २३० म्हणजे जेमतेम साडेसात टक्के, चिमुकला दिसतो. तोच लोगो व्हॉट्सॲपवरून आलेल्या १६०० बाय १२०० च्या फोटोवर टाकला तर १९ टक्के जागा खातो. लोगो तोच आहे, फोटोचं माप बदललं.

म्हणून क्रम पाळायचा. पहिल्यांदा फोटो सरळ करणं, मग सगळ्या फोटोंची मोठी बाजू एकसारखी करणं आणि सगळ्यात शेवटी लोगो. मोठी बाजू २०४८ ठेवली तर आडवा फोटो २०४८ बाय १५३६ होतो आणि उभा १५३६ बाय २०४८. दोन्हीत छोटी बाजू १५३६ च. २३० पिक्सेलचा लोगो दोन्हीकडे १५ टक्के. लोगोचं माप नेहमी छोट्या बाजूशी जुळवा, उभ्या-आडव्याची कटकट राहत नाही.

"सरळ करणं" कशासाठी? मोबाइल उभा धरून फोटो काढला तरी कित्येकदा फाइलच्या आत चित्र आडवंच साठवलेलं असतं. सोबत "दाखवताना फिरवा" अशी एक चिठ्ठी असते, तिला एक्झिफमधली ओरिएंटेशनची नोंद म्हणतात. गॅलरी ती वाचते. लोगो लावणाऱ्या प्रोग्रामने वाचली नाही, तर तुमचं नाव फोटोच्या कडेला आडवं झोपलेलं सापडतं.

प्रत्यक्ष काम

आयफोनवाल्यांना वेगळं ॲप लागत नाही. शॉर्टकट्स ॲपमध्ये "सिलेक्ट फोटोज" घ्या, त्यात एकापेक्षा जास्त फोटो निवडायची मुभा चालू करा. मग "रिपीट विथ ईच", त्याच्या आत "रिसाइझ इमेज", "ओव्हरले इमेज" आणि "सेव्ह टू फोटो अल्बम". ओव्हरलेमध्ये "शो इमेज एडिटर" बंद करायचं लक्षात ठेवा, नाहीतर दर फोटोला थांबून तुम्हाला विचारत बसेल.

अँड्रॉइडवर प्ले स्टोअरमध्ये बॅच वॉटरमार्कची ढीगभर ॲप्स आहेत. मी एकाचंही नाव घेत नाही, कारण आज फुकट असलेलं उद्या जाहिरातींनी भरतं. पण इन्स्टॉल केल्यावर पाच फोटोंवर चाचणी करा आणि तीन गोष्टी बघा : ते स्वतःचाच वॉटरमार्क घुसवतं का, सेव्ह झालेला फोटो गुपचूप लहान करतं का, आणि लोगोची सेटिंग उद्यासाठी जपून ठेवतं का. कॉन्टॅक्टची परवानगी मागत असेल तर चौथं काही बघायची गरज नाही, काढून टाका. फोटोवर नाव टाकायला तुमच्या मामाचा नंबर कशाला हवा?

लग्नाचे सातशे फोटो असतील तर मोबाइलवर जीव घालवू नका. कोणाचा लॅपटॉप तासभर मागून घ्या. एक्सएनकन्व्हर्ट नावाचा प्रोग्राम घरगुती वापरासाठी फुकट आहे. धंद्यासाठी वापरणार असाल तर परवाना घ्यावा लागतो, हे आधीच सांगून ठेवतो. "इनपुट"मध्ये फोल्डर टाका. "ॲक्शन्स"मध्ये वर सांगितलेल्या क्रमाने एक्झिफप्रमाणे फिरवणं, रिसाइझ आणि वॉटरमार्क जोडा. "आऊटपुट"मध्ये वेगळं फोल्डर द्या. सेटिंग सेव्ह करून ठेवलीत की पुढच्या लग्नाला फक्त फोल्डर बदलायचं. मूळ फोटोंवर ओव्हरराइट होणार नाही एवढं दोनदा तपासा. मूळ फोटो कोरे राहिलेच पाहिजेत, का ते पुढे येतं.

याच कारणाने कॅमेऱ्यातलं ते "शॉट ऑन अमुक" बंद करा. फुकटात मोबाइल कंपनीची जाहिरात होते, आणि मूळ फोटोही कोरा राहत नाही.

जागा कोणती?

कोपऱ्यात, पण अगदी कडेला चिकटून नाही. इन्स्टाग्रामने जानेवारी २०२५ मध्ये प्रोफाइलवरचे चौरस काढून ३:४ चे उभे चौकोन आणले. आडवा फोटो तिथे दोन्ही बाजूंनी कापला जातो आणि कोपऱ्यातलं नाव जातं. स्टेटसला टाकलं की वर नाव-वेळ आणि खाली कॅप्शन येतं. कडेपासून छोट्या बाजूच्या पाचेक टक्के आत या, आणि इन्स्टासाठीचे फोटो आधी क्रॉप करून मगच बॅचमध्ये टाका.

वस्तू विकणाऱ्यांनी थोडं वेगळं वागावं. बंजारा भरतकामाच्या पिशव्या आणि कापडांचे फोटो मी बघतो, तर काहींनी आरशांच्या आणि टाक्यांच्या बरोबर मधोमध भलामोठा फोन नंबर टाकलेला असतो. गिऱ्हाईक टाका बघायला आलंय, त्याला टाका दिसू द्या. हेच कारंजा-सोहोळ अभयारण्यातल्या काळविटाचं. त्याच्या पाठीवर तुमचा लोगो कोणाला बघायचाय?

हा लोगो काढता येतो का?

येतो. कोपऱ्यातलं छोटं नाव गूगल फोटोजच्या मॅजिक इरेझरने बोट फिरवून पुसलं जातं. त्याहून गमतीची गोष्ट २०१७ मध्ये गूगलच्या तली डेकेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवली. एकच वॉटरमार्क खूप फोटोंवर जसाच्या तसा असेल, तर ते सगळे फोटो एकत्र तपासून कॉम्प्युटर तो वॉटरमार्क वेगळा ओळखतो आणि प्रत्येक फोटोतून वजा करतो. म्हणजे जो सारखेपणा आपण एवढ्या कष्टाने आणतो, तोच चोराच्या उपयोगाचा. जागा बदलून किंवा फिकटपणा बदलूनही फारसा फरक पडला नाही. दर फोटोत लोगो किंचित वेडावाकडा ताणला तेव्हा मात्र काढताना खुणा मागे राहिल्या.

माझं मत विचाराल तर आपल्या कामासाठी एवढ्या खोलात जाऊ नका. फॉरवर्ड करणारा माणूस आळशी असतो, त्याच्यासाठी नीट दिसणारं नाव पुरतं. विकायचे फोटो असतील तर पैसे येईपर्यंत लहान मापाचे आणि मधोमध फिकट वॉटरमार्क असलेलेच पाठवा. लहान फोटोतून लोगो पुसला तरी त्याचा मोठा अल्बम छापता येत नाही.

आणि भांडण झालंच तर? लोगो म्हणजे मालकीचा पुरावा नाही, तो कोणीही कोणाच्याही फोटोवर चढवू शकतो. खरा पुरावा तुमच्याकडची मूळ, कोरी, पूर्ण मापाची फाइल, आतल्या तारीख-वेळेसकट. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलं की ही आतली माहिती गळून पडते, डॉक्युमेंट म्हणून पाठवलं तर टिकते. कॉपीराइट कायदा १९५७ नुसार फोटो काढल्याक्षणी हक्क तयार होतो, नोंदणी सक्तीची नाही. २०१२ च्या दुरुस्तीने त्यात कलम ६५ब आलं : निर्मात्याची ओळख सांगणारी माहिती परवानगीशिवाय जाणूनबुजून काढली किंवा बदलली तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. ग्रुप ॲडमिनला हे कलम नुसतं ऐकवलं तरी पुष्कळदा फोटो खाली येतो.

पण लग्नाच्या फोटोग्राफरांनो, कलम १७ पण वाचा. कोणी पैसे देऊन फोटो काढून घेतले आणि वेगळा करार नसेल, तर कॉपीराइटचा पहिला मालक पैसे देणारा असतो, तुम्ही नाही. नवरीच्या वडिलांनी सांगितलं की अल्बमवर लोगो नको, तर नको. स्वतःच्या पेजवर फोटो टाकायचे असतील तर ॲडव्हान्स घेतानाच पावतीवर दोन ओळी लिहून सही घ्या : "निवडक फोटो आमच्या नावासह प्रसिद्ध करण्यास परवानगी आहे." मंडपात पंगत बसल्यावर हे विचारायला जाऊ नका.