गवत कापणाऱ्या यंत्राची चुकलेली वेळ

पांढुर्णा-सौंसरकडच्या संत्र्याच्या बागांत वखर खोल चालवणे बरे नव्हे. झाडाची अन्न घेणारी बारीक मुळे वरच्याच थरात असतात व वखराच्या पासेने ती तुटतात. म्हणून ओळींमधले गवत आम्ही पेट्रोलच्या लहान यंत्राने कापतो. यंत्र कामाचे खरे, पण आपल्याकडे दगडांना तोटा नाही. (पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीवर ते कसे कामी येतात, हे वाचकांस सांगावयास नकोच!) एका श्रावणात गवतात दडलेल्या दगडावर पाते आपटले आणि यंत्र जागीच थांबले. पुन्हा सुरू करू गेलो तो दोरीने असा उलटा हिसका दिला की मनगट आठवडाभर बांधून ठेवावे लागले. मिस्त्रीने प्लग बदलला, कार्बोरेटर दोनदा साफ केला. पैसे गेले आणि गवत वाढतच राहिले. दोष होता ठिणगीच्या वेळेत.

दट्ट्या माथ्यावर पोचण्याच्या किंचित आधी ठिणगी पडावी लागते, कारण पेट्रोल-हवेच्या मिश्रणास पेटून जोर धरावयास थोडा अवधी लागतो. पुष्कळ लहान इंजिनांत हे अंतर क्रँकच्या वीसेक अंशांचे असते. मिनिटाला 3000 फेऱ्या धरल्या तर वीस अंश म्हणजे सेकंदाचा सुमारे 900वा भाग झाला! एवढा नेमका क्षण बॅटरीवाचून साधतो. फ्लायव्हीलमधील चुंबक शेजारच्या कॉईलसमोरून जाते तेव्हा वीज उत्पन्न होते. बॉश यांच्या कारखान्यात होनोल्ड यांनी 1902 साली उच्च दाबाचा मॅग्नेटो सिद्ध केला, त्याच कुळातले हे यंत्र.

अर्थात् फ्लायव्हील क्रँकच्या दांड्यावर ठरल्या जागीच बसले पाहिजे. ती जागा दाखवते खाचेतली एक लहानशी चाबी. आमच्यासारख्या यंत्रात पाते त्याच दांड्याच्या खालच्या टोकाला असते. पाते अडले की दांडा थांबतो. जड फ्लायव्हील मात्र आपल्या वेगाने पुढे सरकते आणि मऊ धातूची चाबी कातरली जाते. मग चुंबक कॉईलपाशी लवकर पोचते, ठिणगी फार आधी पडते व वर येणारा दट्ट्या मागे ढकलला जातो. आमच्या मनगटाने खाल्लेला हिसका तो हाच.

उपाय घरी करता येतो. प्रथम प्लगची तार काढून दूर ठेवावी. हे विसरू नये. नट सोडून फ्लायव्हील पुलरने काढावे, हातोडीने नव्हे. चाबी अर्धवट कातरलेली असली तरी बदलावी. नवी चाबी त्याच मापाची व त्याच मऊ धातूची हवी. ‘पोलादी घाला, पुन्हा तुटणार नाही’ असा सल्ला आम्हांसही मिळाला होता. पण चाबी तुटली नाही तर धक्का दांड्यावर व खाचेवर जातो, आणि तो खर्च भलताच मोठा. दांड्याचा निमुळता भाग कोरडा पुसावा, तेथे तेल-ग्रीस लावू नये. फ्लायव्हील घट्ट राहते ते त्या पकडीने, चाबीने नव्हे. नट पुस्तिकेत दिलेल्या मापाने आवळावा. कॉईल व चुंबक यांत साधारण व्हिजिटिंग कार्डाइतकी फट ठेवतात. जुन्या पॉइंटवाल्या इंजिनात पॉइंटांची फटही पाहावी. ती वाढली तर ठिणगी लवकर पडते.

आमचे यंत्र दुसऱ्या ओढीस लागले. तथापि हाताने फिरवताना दांडा डोलताना दिसला, तर तो वाकला आहे असे समजावे. असे यंत्र सुरूच करू नये.