पैसा गावात शिरतो तेव्हा

केनियाच्या पश्चिमेला, व्हिक्टोरिया सरोवराला लागून सियाया नावाचा भाग आहे. लुओ शेतकऱ्यांचा हा मुलूख. मार्चपासून मोठा पाऊस, ऑक्टोबरनंतर लहान पाऊस. शेतात मका आणि घेवडा, अंगणात चार कोंबड्या, जमलं तर एखादी गाय. गिव्हडायरेक्टली नावाची संस्था २०११च्या सुमारास इथल्या रारिएडा भागात गरीब कुटुंबं शोधू लागली, तेव्हा तिने उत्पन्नाचा दाखला मागितला नाही. तिने छप्पर पाहिलं. घर गवताने शाकारलेलं असेल तर कुटुंब पात्र. वर पत्रा असेल तर नाही.

ही खूण किती नेमकी होती, ते कोकणात किंवा घाटमाथ्यावर कधी काळी गवती छपराखाली राहिलेल्यांना लगेच कळेल. गवत कुजतं, वाळवी लागते, पावसात गळतं. दर वर्षा-दोन वर्षांनी पुन्हा गवत मिळवायचं, शाकारायला माणूस लावायचा. पत्रा एकदा घातला की दहा वर्षं तरी बघायला नको, शिवाय पागोळ्यांचं पाणी पिंपात धरता येतं. म्हणजे हिशेबाने पत्राच स्वस्त. तरीही लोक वर्षानुवर्षं गवतावर खर्च करत राहतात, कारण पत्र्याची रक्कम एका वेळी कधी हातात येतच नाही. गरिबीत स्वस्त वस्तू परवडत नाही, म्हणून महाग वस्तू हप्त्याहप्त्याने घ्यावी लागते. मला ही गोष्ट जितकी साधी तितकीच थक्क करणारी वाटते.

मग पैसे आले. साध्या बटणांच्या फोनवर. केनियात २००७ साली एम-पेसा सुरू झालं आणि कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात फोनच्या आधारे रोकड काढता येऊ लागली. बँक नको, मध्यस्थ नको. अटही नव्हती: बियाणं घ्या, शाळेची फी भरा, गाय घ्या, काय करायचं ते तुम्ही ठरवा. काही घरांना २५,२०० शिलिंग मिळाले, काहींना ९५,२००. कुणाला एकदम, कुणाला महिन्याच्या महिन्याला. कुठे नवऱ्याच्या हाती, कुठे बायकोच्या. हे सगळं चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलेलं होतं, म्हणजे नंतर तुलना करता यावी.

योहानेस हाउसहोफर आणि जेरेमी शपिरो यांनी ही तुलना केली. घराघरांत जेवणावरचा खर्च वाढला, गुरं आली, आणि पत्रे तर आलेच. दारू-तंबाखूवरचा खर्च मात्र वाढला नाही. ‘फुकटचा पैसा गुत्त्यात जातो’ हे वाक्य आपल्याकडेही पारावर ऐकू येतं, पण आफ्रिका, आशिया, लॅटिन अमेरिकेतल्या अशा योजनांच्या आकडेवारीत त्याला आधार सापडत नाही. संशोधकांनी लोकांच्या लाळेचे नमुनेही घेतले. ताण वाढला की शरीरात कॉर्टिसॉल वाढतं आणि ते लाळेत मोजता येतं. रक्कम बाईच्या हातात गेली, मोठी होती किंवा एकरकमी आली, तिथे ते इतर घरांपेक्षा कमी निघालं. पैसा कोणत्या हातात आणि कोणत्या आकारात पडतो, याची नोंद अंगातही होत होती!

आकाराचा प्रश्न पुढे आणखी रंगला. २०१८पासून याच देशात सियाया आणि बोमेट भागांत एक लांबलचक प्रयोग चालू आहे. काही गावांतल्या प्रत्येक प्रौढाला महिन्याला २,२५० शिलिंग, आणि तेही बारा वर्षं. काही गावांत तीच मासिक रक्कम फक्त दोन वर्षं. काही गावांत सुमारे ५०० डॉलर एकदम. अभिजित बॅनर्जी, तवनीत सुरी आणि सहकाऱ्यांनी २०२३मध्ये पहिले निकाल मांडले. लोक आळशी झाले नव्हते. दुसऱ्याच्या शेतावरची रोजंदारी कमी करून स्वतःच्या धंद्याकडे वळले होते. एकरकमी पैशाने दोन वर्षांच्या मासिक पैशापेक्षा अधिक दुकानं, अधिक धंदे उभे राहिले. पण बारा वर्षांची खात्री मिळालेल्यांनी एक युक्ती केली, जी वाचताना मी खुर्चीत सरसावून बसलो. त्यांनी भिशी लावली. दर महिन्याचे थोडे पैसे भिशीत, आपला नंबर लागला की मोठी रक्कम हातात. प्रयोग आखणाऱ्यांनी जी रक्कम महिन्यांत वाटून दिली होती, ती गावाने पुन्हा एकत्र बांधली. पुढची बारा वर्षं पैसे येणार हे माहीत असल्याने भिशीत नाव घालायला धीर आला.

महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला हे दूरचं वाटायला नको. पीएम-किसानचे वर्षाला ६,००० रुपये दोन-दोन हजारांच्या तीन हप्त्यांत येतात, आणि २०२३पासून राज्याच्या नमो शेतकरी महासन्मान निधीचे तितकेच आणखी. दोन हजारांत खताची एखादी गोणी येते, अडलेलं बिल भागतं. विहिरीवर मोटार बसत नाही, गोठा उभा राहत नाही. या हप्त्यांना कमी लेखण्याचा माझा हेतू नाही. पेरणीच्या तोंडावर सावकाराकडे जाणं टळलं तरी ती मोठी गोष्ट आहे. पण तेच १२,००० एकदम, मृगाच्या आधी मिळाले तर शेतकरी वेगळं काय करेल, हे त्यालाच विचारून पाहायला हवं.

आता सगळ्यात नवल वाटणाऱ्या भागाकडे येतो. पैसे एका घरात पडले, मग पुढे कुठे गेले? एडवर्ड मिगेल, पॉल नीहाउस, डेनिस एगर, मायकल वॉकर आणि हाउसहोफर यांनी सियायातली ६५३ गावं घेतली. २०१४ ते २०१७ या काळात साडेदहा हजारांवर गरीब घरांना प्रत्येकी सुमारे १,००० डॉलर देण्यात आले. ही रक्कम त्या घरांच्या वर्षभराच्या खर्चाच्या जवळपास पाऊणपट. जिथे वाटप दाट होतं, तिथे एका वर्षात आलेला पैसा त्या भागाच्या एकूण उत्पन्नाच्या १५ टक्क्यांच्या घरात गेला. एवढा पैसा ओतल्यावर भाव भडकणार, असंच कुणालाही वाटेल. भाव सरासरी ०.१ टक्का वाढले.

हे कसं? पिठाच्या गिरणीचा विचार करा. गिरणी सकाळी उघडते आणि गिरणीवाला बराच वेळ गिऱ्हाइकाची वाट बघत बसतो. मका दळायला दुप्पट माणसं आली तर त्याला दुसरी गिरणी लागत नाही. तो फक्त कमी वेळ रिकामा बसतो. गावातलं किराणा दुकान, सुतार, शिंपी, मोटारसायकलवरून सवारी नेणारा, सगळ्यांचं तेच. खेड्यात काम करण्याची ताकद पडून असते, गिऱ्हाईक नसतं. गिऱ्हाईक आलं आणि ती ताकद जागी झाली. पत्रे बसवणाऱ्याने मजूर लावला, मजुराने मासळी घेतली, मासळीवालीने दळण आणलं. एक शिलिंग आत आला की गावाच्या उत्पन्नात अडीचच्या आसपास भर पडली, असा त्यांचा हिशेब आहे. ज्यांना छदामही मिळाला नव्हता, त्यांचा खर्चही मिळालेल्यांइतकाच वाढला, मुख्यतः जास्त मजुरी मिळू लागल्यामुळे. शेजाऱ्याच्या मनात काय चालतं, हा प्रश्न उरतोच. रारिएडातल्या पहिल्या प्रयोगात, जिथे एकाच गावात काहींनाच पैसे मिळाले, तिथे शेजाऱ्याची भरभराट पाहून न मिळालेल्यांचं समाधान काही काळ घटल्याचंही नोंदलं गेलं आहे.

आणि मग बाळं. सियायातल्या त्या ६५३ गावांत कुठल्या घरात कधी मूल जन्मलं, जगलं की गेलं, याची माहिती नंतर घरोघर जाऊन गोळा केली गेली. २०२५मध्ये आलेला निष्कर्ष मी दोनदा वाचला. पैसे मिळालेल्या घरांत वर्षाच्या आतल्या बालकांचे मृत्यू ४८ टक्क्यांनी कमी झाले होते, पाच वर्षांखालचे ४५ टक्क्यांनी. लसही दिली नव्हती, औषधही नाही. पैसे दिले होते, तेही कशासाठी वापरा हे न सांगता.

हे कसं घडलं याची वाट शोधली तेव्हा ती बाळंतपणापाशी पोचली. ज्यांच्या घरी पैसे बाळंतपणाच्या आसपास आले, तिथे फरक सर्वांत मोठा होता. कळा सुरू झाल्या की वाहन करून दवाखाना गाठता आला. दवाखान्यातली बाळंतपणं वाढली. आणि दिवस भरत आलेल्या बायकांनी काम कमी केलं. शेवटचे तीन महिने आणि बाळंतपणानंतरचे पहिले काही महिने त्यांच्या कामाचे तास जवळपास निम्म्यावर आले. हे वाचताना आपल्या ऊसतोडीच्या फडात शेवटच्या आठवड्यापर्यंत मोळ्या उचलणाऱ्या बाया माझ्या डोळ्यांसमोर येतात. त्यांना विश्रांतीचं महत्त्व कुणी समजावून सांगायला नको. एका दिवसाचा खाडा परवडायला हवा.

यातही एक मर्यादा दिसली. डॉक्टर असलेला दवाखाना जवळ होता तिथे बाळं वाचली. लांब होता तिथे त्याच रकमेने फारसा फरक पडला नाही. वाहनाचं भाडं खिशात असलं तरी रस्त्याच्या शेवटी डॉक्टर लागतोच. आणि वाटप संपल्यावर जन्मलेल्या मुलांत हा फरक ओसरला. म्हणून संशोधक आता सुचवतात की गरोदर बाईच्या घरी ही रक्कम नेमकी शेवटच्या महिन्यांत पोचवली, तर त्याच खर्चात कितीतरी जास्त बाळं वाचतील.