वस्तीवरची शेळी आणि माळावरचा लांडगा



या सदरात आम्ही एरवी बेणेप्रक्रिया, खोडवा, पाचट आणि हुमणी याविषयी लिहितो. या वेळचा विषय वेगळा असला तरी उसाच्या फडापासून लांबचा नाही. गेल्या हंगामात माळाकडेच्या गटांत फिरताना तोडणीच्या तारखेच्या बरोबरीने दुसरीच एक तक्रार आमच्या कानावर वारंवार आली. "साहेब, लांडग्यानं शेरडं नेली. काय करायचं?" आम्ही शेतकी खात्याचे माणूस, वनखात्याचे नव्हे. तरी पण जे डोळ्यांनी पाहिले आणि जाणकारांना विचारून समजून घेतले, ते सभासदांपुढे ठेवणे आमचे काम आहे असे वाटल्यावरून हा लेख लिहीत आहोत.

एका वस्तीवर काय घडले

आमचे एक सभासद माळाच्या कडेला रानात वस्ती करून राहतात. दोन एकर आडसाली ऊस, एक म्हैस, दोन गाई, अकरा शेळ्या आणि एक कुत्रे असा त्यांचा पसारा. शेळ्यांना वेड्या बाभळीच्या काट्याची कुपाटी होती, पण एका बाजूचा काटा वाळून बसला होता आणि फाटकाच्या जागी नुसती खाट आडवी लावलेली होती. डिसेंबरातल्या एका रात्री चार शेळ्या गेल्या. एकीचा पत्ताच लागला नाही, तीन जागेवर मरून पडल्या.

सकाळी आम्ही नोंदीच्या कामाला तिकडे गेलो तेव्हा चार माणसे जमली होती. त्यांच्यापैकी एक जण म्हणाला, "औषध टाका त्या मढ्यावर. आज रात्री परत येतोय, जागेवर ऱ्हाईल." आम्ही "वनखात्याला कळवा" एवढेच बोललो आणि पुढच्या वस्तीला गेलो. त्या दिवशी आम्ही तिथे थांबून ठामपणे "तात्या, हे करू नका" म्हणायला पाहिजे होते. आम्ही तसे केले नाही, याची रुखरुख अजून आहे.

त्या रात्री औषध टाकले गेले. दोन दिवसांत त्यांचे स्वतःचे कुत्रे मेले, शेजारच्या वस्तीवरचे मेले, कावळे आणि दोन घारी पडल्या. लांडगा मेला की नाही ते कुणालाच कळले नाही. आठवड्याने मात्र आणखी एक शेळी गेली, कारण भुंकायला वस्तीवर कुत्रे उरले नव्हते. पंचनामा केलेला नव्हता, म्हणून भरपाईही मिळाली नाही. त्यांच्या घरच्या मावशी आम्हाला म्हणाल्या, "साहेब, ऊस ह्यांच्या नावावर, बिल ह्यांच्या खात्यावर. माझ्या हातात तेवढी शेरडंच व्हती." हे वाक्य आम्ही विसरलेलो नाही. उसाचे बिल यायचे तेव्हा येते. शाळेची फी, दवाखाना आणि लेकीचे बाळंतपण या गोष्टी वस्तीवर शेळीवरच भागतात. तेव्हा हा प्रश्न किरकोळ नाही.

लांडगा आला कुठून?

लांडगा कुठूनही आलेला नाही. पुणे, सोलापूर, अहिल्यानगर या जिल्ह्यांच्या कमी पावसाच्या पट्ट्यातला गवताळ माळ हे त्याचे पूर्वापार घर आहे. सोलापूरजवळ नान्नज येथे माळढोक पक्ष्यासाठी १९७९ साली अभयारण्य झाले, तेथेही हाच माळ आणि हाच लांडगा. कागदोपत्री आपण या जमिनीला पडीक म्हणतो, पण ती रिकामी कधीच नव्हती. काळवीट, चिंकारा, ससा, खोकड आणि लांडगा तिथे राहतात, आणि त्यांच्यात मेंढ्या घेऊन धनगर फिरतात. पुढे कालवे आले, उपसा सिंचन आले, विहिरी खोल गेल्या आणि ऊस माळावर चढला. "पाणी आहे तिथे लागण करा" असे सभासदांना सांगणारे आम्हीच. त्यात चूक काही नाही, पण माळ आटला, हरणे कमी झाली आणि लांडग्याच्या दारात आपली वस्ती आली, हे लक्षात ठेवले पाहिजे. आता त्याच्या पोटात मोठा वाटा शेळ्यामेंढ्यांचाच असतो, हेही खरे आहे.

हा प्राणी वजनाने साधारण वीस किलोच्या आसपास, म्हणजे गावठी कुत्र्यापेक्षा थोडा थोर आणि पायाने उंच. नर-मादीची जोडी आणि तिची पोरे असे एक कुटुंब मिळून राहते. आपल्याकडे हिवाळ्याच्या सुमारास मादी विते. ओढ्याच्या काठाला किंवा माळावरच्या बिळात पिल्ले असतात. नेमका तोच आपला गळीत हंगाम. त्या दिवसांत पिल्लांना चारायचे असल्यामुळे जोडीची भूक वाढलेली असते, आणि त्याच दिवसांत तोडणीच्या टोळ्या माळाच्या कडेला कोप्या घालून राहतात. म्हणून तक्रारी हिवाळ्यात जास्त येतात.

संपूर्ण देशात लांडगे तीन हजारांच्या घरातच उरले आहेत, असा जाणकारांचा अंदाज आहे. २०२२ च्या गणनेत वाघांचा सरासरी अंदाज ३,६८२ होता. म्हणजे ज्याला आपण दगड मारून हाकलतो तो वाघापेक्षाही विरळ आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ प्रमाणे तो पहिल्या अनुसूचीत येतो. त्याला मारणे हा तीन ते सात वर्षे कैदेचा गुन्हा आहे.

लांडगा, बिबट्या की कुत्री?

प्रत्येक मेलेली शेळी लांडग्याच्या नावावर लिहू नये. आम्ही पाहिलेल्या काही घटनांत काम मोकाट कुत्र्यांचे होते. ढोबळ खुणा अशा :

लांडग्याच्या पंज्याला नखांच्या खुणा उमटतात. ठसा लांबट असतो आणि पावले एका ओळीत सरळ जातात. लहान जनावर तो मानेला धरतो आणि जमले तर उचलून लांब नेतो. मात्र कोंडलेल्या कळपात शिरला तर गोंधळात तीन-चार मारून ठेवतो.

कुत्र्याचा ठसा पसरट असतो, पावले इकडेतिकडे भरकटतात. कुत्री मागचे पाय, शेपटीकडचा भाग आणि कान फाडतात. जखमी जनावरे बरीच, खाल्लेले थोडे, असे दिसते.

बिबट्याचा ठसा गोल असतो आणि नख उमटत नाही. तो गळा धरतो आणि शिकार ओढत उसात नेतो.

हे ओळखणे पैशाच्या दृष्टीनेही महत्त्वाचे आहे, कारण भरपाई वन्यप्राण्याने मारल्यास मिळते, कुत्र्याने मारल्यास नाही.

गोठा पक्का तर झोप पक्की

माळावर मेंढ्या बसवणाऱ्या एका म्हाताऱ्या धनगर बाबांना आम्ही विचारले, "बाबा, तुम्ही तर उघड्यावर राहता, तुम्हाला भीती नाही का?" ते म्हणाले, "लांडगा आमचा भागीदार हाय साहेब. हिशेब चुकला की वाटा नेतो. वाघर ताणलेली असली, कुत्रं जागं असलं, की निस्ता बघून जातो." वाघर म्हणजे मेंढ्या कोंडायची जाळी. लांडगा फुकटचे बघतो. कष्ट पडणार असे दिसले की पुढे जातो. त्याच्याबरोबर राहण्याचे सगळे शास्त्र यात आले. आम्ही ते वस्तीच्या हिशेबाने खाली मांडत आहोत.

१) शेळ्या रात्री कुपाटीत नव्हे, कोंडवाड्यात ठेवाव्यात. पाच ते सहा फूट उंच चेनलिंक जाळी किंवा दगडी भिंत असावी. लांडगा खालून उकरतो, म्हणून जाळी फूट-दीड फूट जमिनीत गाडावी अथवा कडेने मोठे दगड रचावेत.

२) फाटक पत्र्याचे किंवा फळ्यांचे असावे आणि खाली दगडी उंबरा असावा. आम्ही पाहिलेल्या बहुतेक घटनांत लांडगा फाटकातूनच शिरला होता.

३) ज्या भागात बिबट्याही आहे, तिथे वरूनही जाळी हवी. लांडगा वर चढत नाही, बिबट्या चढतो.

४) जाळी परवडत नसेल तर काट्याची कुपाटी दरवर्षी हंगामाआधी नवी करावी. बुंधे आत आणि शेंडे बाहेर असे फांद्या लावाव्यात.

५) दिवसा शेळ्या उसाच्या कडेकडेने चारू नयेत, मोकळ्या रानात चाराव्यात. जोडीतला एक लांडगा समोर दिसतो, राखणदार आणि कुत्रे तिकडे धावतात, आणि दुसरा मागच्या बाजूने शेळी उचलतो. माणूस कळपाजवळून हलू नये. लंगडी, गाभण आणि मागे रेंगाळणारी शेळी मध्ये ठेवावी.

६) मेलेली जनावरे आणि पोल्ट्रीवरच्या मेलेल्या कोंबड्या ओढ्यात टाकू नयेत. खोल खड्ड्यात चुना टाकून पुराव्यात. त्या वासावर आधी कुत्री जमतात, मग लांडगा येतो.

७) वस्तीवरच्या कुत्र्याला रेबीजची लस द्यावी. कुत्र्यांचे रोग लांडग्यात आणि लांडग्यांचे कुत्र्यात जातात. कुत्रा आणि लांडगा यांचा संकर पुण्याजवळ झाल्याचे २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सिद्ध झाले आहे. इतकी ही दोन्ही जवळची आहेत.

८) तोडणी चालू असताना फडात किंवा ओढ्याकाठी पिल्ले सापडली तर हात लावू नये, उचलून घरी आणू नये. तेवढा पट्टा सोडून दुसरीकडे तोड घ्यावी, चिटबॉयला सांगावे आणि वनखात्याला कळवावे. मादी रात्रीतून पिल्ले हलवते.

माणसाला भीती आहे का?

आपल्याकडचा लांडगा माणूस पाहिला की बाजूला होतो. रात्रपाळीची वीज असली की दारे धरायला जाणाऱ्या सभासदांना तो दिसतो, थोडे बघतो आणि निघून जातो. अशा वेळी पळू नये. उभे राहून बॅटरी मारावी आणि ओरडावे. तरी पण धोका मुळीच नाही असे लिहिणे खोटे होईल. उत्तर प्रदेशात १९९६ साली प्रतापगड, जौनपूर, सुलतानपूर भागात आणि २०२४ साली बहराइच जिल्ह्यात लांडग्यांच्या हल्ल्यांत लहान मुले दगावली. म्हणून मुकादमांना आमचे सांगणे आहे की कोप्या एकमेकींना लागून घालाव्यात, एकटी कोपी ओढ्याकडेला नको. मुले उघड्यावर किंवा दाराशी झोपवू नयेत, आणि अंधारात त्यांना एकटे बाहेर पाठवू नये. ज्या सभासदाच्या रानात कोप्या आहेत त्यानेही इकडे लक्ष द्यावे. ती मुले आपल्याच कारखान्याच्या उसासाठी तिथे आहेत.

लांडगा, कुत्रा किंवा कोल्हा चावल्यास जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा. हळद-चुना भरून घरी बसू नये.

शेळी गेलीच तर

पहिली गोष्ट म्हणजे मेलेले जनावर हलवू नये आणि पुरू नये. ४८ तासांच्या आत जवळच्या वनरक्षकाला किंवा वनपालाला कळवावे. वनखात्याचा १९२६ हा दूरध्वनी क्रमांकही आहे. ठसे घमेल्याखाली झाकून ठेवावेत. जनावर उचलून नेले असेल तर रक्त, केस, तुटलेले दावे जे काही असेल ते तसेच राहू द्यावे, कारण नंतर पुरावा राहत नाही. पंचनामा, पशुवैद्यकीय अधिकाऱ्याचा दाखला आणि बँक खात्याची प्रत लागते. भरपाई बाजारभावाच्या हिशेबाने, शासनाने ठरवलेल्या मर्यादेत मिळते. हेलपाटे पडतात हे आम्हाला ठाऊक आहे. अर्ज लिहायला अडचण असेल तर गट ऑफिसमध्ये या, आमचे कर्मचारी लिहून देतील.

दुसरी गोष्ट औषधाची. हुमणीसाठी आपण पूर्वी थिमेट, म्हणजे फोरेट, सर्रास वापरत होतो. ३१ डिसेंबर २०२० पासून त्याच्यावर पूर्ण बंदी आहे. तरी काही घरांत जुना डबा अजून पोटमाळ्यावर आहे, आणि मढ्यावर तोच टाकला जातो. ते विष लांडग्याचा पत्ता विचारून जात नाही. कुत्र्यात जाते, पक्ष्यांत जाते, पावसाने ओढ्यात आणि ओढ्यातून म्हशीच्या पाण्यात येते. आणि ज्या घरात लहान पोर आहे त्या घरात तो डबा असणे हाच मोठा लांडगा आहे. असा डबा असेल तर आम्हाला सांगा. नाव विचारणार नाही.

वर सांगितलेल्या तात्यांनी या वर्षी दसऱ्याआधी दगड रचून कोंडवाडा केला आणि जुन्या पत्र्याचे फाटक बसवले. उरलेल्या सहा शेळ्यांच्या आता नऊ झाल्या आहेत. परवा आम्ही गेलो तेव्हा मावशी म्हणाल्या, "रातचा वरडतोय माळावर. वरडू दे. कडी लावलेली हाय."

हंगाम तोंडावर आहे. ज्या सभासदांची वस्ती माळाकडेला आहे त्यांनी तोडणीची चिठ्ठी यायच्या आत एक दिवस गोठ्यासाठी काढावा, ही विनंती.

— ऊस विकास अधिकारी