प्लॅटिनमच्या जागी लोखंड चालेल का?

मागच्या व्याख्यानात आपण फ्युएल सेलची रचना पाहिली. एका बाजूने हायड्रोजन, दुसऱ्या बाजूने हवेतला ऑक्सिजन. वीज मिळते आणि मागे उरतं ते पाणी. मग हे सगळं महाग का पडतं? एक मोठं कारण म्हणजे उत्प्रेरक म्हणून लागणारं प्लॅटिनम. जगातलं बहुतेक प्लॅटिनम एकट्या दक्षिण आफ्रिकेतून येतं.

हे प्लॅटिनम नेमकं कुठे लागतं, ते आधी बघू. हायड्रोजनपासून इलेक्ट्रॉन वेगळे करणं सोपं असतं, त्यामुळे अॅनोडवर थोडंसं पुरतं. खरी अडचण कॅथोडवर आहे. ऑक्सिजनच्या रेणूतला घट्ट बंध तोडायचा, त्याला चार इलेक्ट्रॉन आणि चार प्रोटॉन जोडायचे, तेव्हा पाणी होतं. ही क्रिया फार संथ आहे. म्हणून बरंचसं प्लॅटिनम तिथेच खर्ची पडतं.

पर्यायाचा धागा आपल्या रक्तातच आहे. हिमोग्लोबिनमध्ये ऑक्सिजन धरून ठेवणाऱ्या लोहाच्या अणूभोवती चार नायट्रोजन असतात. १९६४ मध्ये जासिन्स्की यांनी दाखवलं, की अशाच घडणीचं कोबाल्टचं एक संयुग कॅथोडवर काम करतं. पुढे कळलं, की असा पदार्थ कार्बनसोबत, हवा न लागू देता, ८०० ते १००० अंश सेल्सिअसला भाजला की आणखी चांगला चालतो. मग महागडं संयुगही लागत नाही. लोहाचा साधा क्षार, नायट्रोजन असलेला पदार्थ आणि कार्बन एवढ्यावर भागतं. २००९ मध्ये कॅनडातल्या दोदले यांच्या गटाने आणि २०११ मध्ये अमेरिकेतल्या लॉस अलामोस प्रयोगशाळेने या वाटेने मोठी मजल मारली.

मग अडलं कुठे? टिकाऊपणावर. काही वेळा ऑक्सिजन पाण्यापर्यंत न जाता हायड्रोजन पेरॉक्साइडवरच थांबतो. पेरॉक्साइड आणि लोह एकत्र आले, की अतिशय आक्रमक मुक्त मूलकं तयार होतात आणि ती आधाराचा कार्बनच पोखरतात. शिवाय या उत्प्रेरकाचा थर प्लॅटिनमच्या थराच्या कितीतरी पट जाड ठेवावा लागतो. त्यात ऑक्सिजन आतवर नीट पोचत नाही.

म्हणून आपण किंमत मोजताना नुसता ग्रॅमचा भाव बघून चालणार नाही; तो उत्प्रेरक किती तास चालला, हेही धरायला हवं. लोखंड स्वस्त आहेच. ते दर काही दिवसांनी बदलावं लागलं, तर मात्र ते स्वस्त राहत नाही.